नावाच्या दिवशी बंद दार

पोझनानमध्ये वाढदिवस पोरासोरांचे. माणूस पोक्त झाला की तो नावाचा दिवस पाळतो, आणि त्याचा एक कडक नियम आहे: बोलावणं करायचं नाही. कॅलेंडरच्या पानावर आपल्या नावाचा संत ज्या दिवशी छापलेला असेल, त्या दिवशी सॅलड करायचं, चेरीची घरची दारू टेबलावर काढून ठेवायची आणि घरात बसून राहायचं. ज्याला आठवण असेल तो येतो. ज्याला नसेल त्याला फोनवरून आठवण करून देणं म्हणजे आपणच आपल्या गळ्यात हार घालून घेणं. बाहेरगावच्या लोकांना हे विचित्र वाटतं. वाटेना का.

अपोलोनियाबाईंचा दिवस फेब्रुवारीत, ऐन कडाक्यात, आणि धाकट्या एल्विराचा लगेच दुसऱ्या दिवशी. दोघी पोरींनी जन्मतानाच आपापली नावं कॅलेंडरातून उचलून आणली, असं त्यांची आई म्हणायची. एवढी वर्षं शिरस्ता ठरलेला होता. आज एल्विरा इकडे, उद्या अपोलोनियाबाई तिकडे. एल्विरा सगळ्यांच्या आधी, चारच्या ठोक्याला हजर. हातात चीजकेकचा डबा, आणि बूट काढायच्या आधीच घोषणा: "पोला, सॅलडमध्ये यंदाही मीठ कमी पडलंय, मला वासावरून कळतंय!"

यंदा ती येईल की नाही, हे अपोलोनियाबाईंना ठाऊक नव्हतं. ऑक्टोबरात त्यांचे यजमान इग्नात्सी वारले, आणि दफनानंतरच्या जेवणात दोघी बहिणींचं जे बिनसलं ते बिनसलंच. तेव्हापासून बोलणं नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी इथे टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. अपोलोनियाबाईंच्या टेबलावर यंदा दोनच ताटं होती, आणि त्यातलं एक ते.

मग त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. नाताळचं सोडा, पण नावाच्या दिवशी ती आली तर मला बहीण आहे. नाही आली तर नाही. महिनाभर हाच विचार त्या उशाशी घेऊन झोपत होत्या.

आदल्या संध्याकाळी हातांनी सवयीने सॅलड करून टाकलं. उकडलेले बटाटे, गाजरं, अंडी, खारवलेल्या काकड्या, सगळं मटाराच्या दाण्याएवढं चिरायचं, हा त्यांच्या आईचा दंडक. पण सकाळी ते भलंमोठं भांडं समोर दिसलं आणि बाईंचा धीरच सुटला. चार वाजणार. मग साडेचार. समोरच्या वालेरियाबाई कान लावून ऐकणार की जिन्यात पावलं वाजतात का. आणि आपण त्या भांड्यासमोर, बाजारात माल न खपलेल्या बाईसारख्या बसणार.

झाकली मूठ सव्वा लाखाची! आपण घरातच नसलो, तर एल्विरा आली नाही हे कळणार कुणाला? आपल्यालासुद्धा नाही. आणि आली तर? हा प्रश्न बाईंना पडला नाही असं नाही. पडला, आणि "ती कसली येतेय!" म्हणून त्यांनी तो झटकून टाकला.

सॅलडचं भांडं झाकून बाल्कनीत ठेवलं; हिवाळ्यात सगळ्या शहराचा फ्रीज तिथेच असतो. मोबाइल मुद्दाम स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहू दिला. बरोबर नेला की सारखा बघितला जातो, आणि बघितला की तो वाजला नाही हे कळतं. मग जाड कोट, दोन मफलर, दाराला कुलूप, आणि बाई चोरट्यासारख्या जिना उतरल्या.

वाझाश वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्यात जायला एक हक्काची जागा आहे: बागेतलं ताडामाडांचं काचघर. बाहेर नाकाचा शेंडा बधिर होतो आणि आत पाऊल टाकलं की चष्मा धुक्याने भरतो. अपोलोनियाबाई चष्मा पुसत उभ्या होत्या, तेवढ्यात अंजिराच्या झाडामागून आवाज आला.

"या, या! आज उत्सवमूर्ती इकडे कुठे?"

हे सेवेरिन. जन्मभर ट्राम चालवली, आता रोज सकाळी घरून उशी आणून याच बाकावर बसतात. घरी हीटर आहे, पण तो बोलत नाही, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

"तुमच्या बरं लक्षात राहिलं!" अपोलोनियाबाई म्हणाल्या. मनातून त्या हरखल्या होत्या.

"अहो, तुमच्या नावाची संत म्हणजे दातदुखीची संत. उभं आयुष्य दाढांनी छळलं मला, तिला विसरून कसं चालेल? आता दातच उरले नाहीत, पण ओळख ठेवलेली बरी."

"तुमची खालची कवळी सैल झालीये. बोलताना टकटक वाजते." अपोलोनियाबाईंनी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली जन्म घालवला होता. माणसाच्या चेहऱ्याआधी त्यांना त्याची बत्तिशी दिसायची.

"वाजू द्या. तेवढीच सोबत." सेवेरिननी कागदाच्या पुडीतून साखरेचा लेप दिलेला गोल पाव काढला. "घ्या, तुमची भेट. अख्खा द्यायला हवा होता, पण अर्धा माझ्या पोटात आधीच गेलाय."

दोघं पाव खात बसले. माशांच्या टाकीपाशी एक बाई बाळाला मासे दाखवत होती. वरून काचेवरचं पाणी मधूनच टपकन मानेवर पडे. किती बरं वाटत होतं! बाईंना वाटलं, वसंत येईपर्यंत असंच बसून राहावं.

"मग? मंडळी कितीला जमणार?" सेवेरिननी विचारलं.

"संध्याकाळी," बाईंनी लोणकढी थाप ठोकली. "सातनंतर."

"सातनंतर?" त्यांनी भुवया वर केल्या. "आमच्या हिच्या नावाच्या दिवशी मी तिला पाव आणायलासुद्धा खाली जाऊ देत नसे. बोलावलेला माणूस दार बंद दिसलं तर थांबतो, त्याला ठाऊक असतं की आपली वाट बघतायत. पण न बोलावता येणाऱ्याचं तसं नसतं हो. त्याला मुळातच धाकधूक असते."

बाईंनी उरलेला पाव रुमालात गुंडाळला. "मला जरा काम आहे," म्हणून त्यांनी काढता पाय घेतला.

पण घरी नाही गेल्या. कोपऱ्यावरच्या दूध-खाणावळीत शिरल्या; तिथे साधं, घरगुती जेवण स्वस्तात मिळतं. खिडक्या वाफेने पांढऱ्या झालेल्या, ओले बूट, सुपाचा वास, आणि आतल्या खिडकीतून खणखणीत हाळी: "बटाटे-चक्का कुणाचे? निवतायत! मी काय आता भरवायला येऊ?"

"माझे, माझे," म्हणत बाईंनी ताट उचललं. उकडलेले गरम बटाटे, वर कांदा घालून कालवलेला गार चक्का. लहानपणापासूनचं जेवण. एल्विरा चक्का आधी संपवायची आणि मग मोठ्या बहिणीच्या ताटाकडे बघत बसायची.

त्या आठवणीमागोमाग दुसरीही आली. ती टाळायला तर बाई सकाळपासून हिंडत होत्या.

इग्नात्सी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. रात्री ते पुन्हा पुन्हा हाका मारायचे. कूस बदलायची, पाणी द्यायचं, कपडे बदलायचे. अपोलोनियाबाईंची झोप म्हणजे त्यांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत मान पडेल तेवढीच. दफनानंतर हॉटेलात जेवणं चालली होती. एल्विराने त्यांच्यासमोर गरम सूप सरकवलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "घे, पोला. आता निदान तुला झोप तरी मिळेल."

टेबलावरचे चमचे थांबले. चुलत नणंदेने क्रूसाची खूण केली. आणि अपोलोनियाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जिला जन्मात कुणी नव्हतं, तिने यात बोलू नये."

एल्विराने लग्न केलं नव्हतं. करायचं होतं, झालं नाही; ते सगळ्या नातलगांना ठाऊक होतं. तिने हातरुमालाची घडी घातली, ताटाशेजारी ठेवली आणि ती उठून गेली.

शब्द जिव्हारी लागणारा होता, हे बाईंना तेव्हाही कळलं होतं. पण राग पुढेही का गेला नाही, त्याचं खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पाद्रीबाबांनासुद्धा नाही. त्या रात्री त्या ढाराढूर झोपल्या. कपड्यानिशी पडल्या त्या थेट दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर आल्यावर जाग्या झाल्या, आणि जाग आल्याआल्या, नवरा गेलाय हे आठवायच्याही आधी, त्यांना इतकं हलकं, इतकं छान वाटलं! मग आठवलं. त्या सुखाची त्यांना जी शरम वाटली, ती अजून गेली नव्हती. आणि एल्विराला ते आधीच कळलं होतं. खोटं बोलली असती तर तिला एक वेळ माफ केलं असतं.

"बाई, बटाटे आवडले नाहीत का?" ताटं गोळा करणारीने विचारलं.

"छान आहेत हो. तिखट कांदा डोळ्यांत गेला."

दुपारी ट्राम पकडून त्या जुन्या चौकात गेल्या. तिथल्या एका गल्लीत तळघरात चहाचं दुकान आहे, वरून जाता-येता दिसतही नाही. दारात कोट ठेवून घेणारा म्हातारा बसतो.

"कोट द्या, बाई."

"राहू द्या, मी पाच मिनिटांत निघणार आहे."

"सगळे असंच म्हणतात आणि मग अंधार पडेपर्यंत हलत नाहीत. कोट द्या. कोट घालून बसलेला माणूस बघितला की बाकीच्यांना उगाच घाई होते."

बाईंनी कोट दिला. कोपऱ्यात मऊ खुर्ची, विटांची भिंत, किटलीखाली मिणमिणती मेणबत्ती, चहात रास्पबेरीचा पाक. पलीकडे दोन विद्यार्थिनी पुस्तकं उघडी टाकून डुलक्या काढत होत्या. इथली ऊब चांगली होती, कारण ती कुणाची नव्हती. इथे कुणी यायचं राहिलं असं होत नव्हतं. मुळात कुणी येणारच नव्हतं. आयुष्य असं दुकानात काढता आलं असतं तर, असं बाईंच्या मनात आलं आणि दुसऱ्याच क्षणी त्या विचाराचीच त्यांना भीती वाटली.

चौकातल्या घड्याळाचे टोले ऐकू आले. चार. बाईंनी कप खाली ठेवला.

आता ती जिन्यावर असेल. किंवा नसेल. आता तिने घंटी वाजवली असेल. किंवा राताये वस्तीतल्या आपल्या घरी स्वेटर विणत बसली असेल. त्यांना वाटलं होतं, न बघितलेली गोष्ट त्रास देणार नाही. इथे तर दोन्ही गोष्टी एकदम त्रास देत होत्या. उठावं आणि जावं, अजूनही पोचू. बाई उठल्या नाहीत. त्यांनी दुसरी किटली मागवली. माणूस भित्रा असला की त्याला तहान फार लागते.

चांगला अंधार पडल्यावर त्या घरी परतल्या. शेवटच्या पायरीवर पाय ठेवतात न ठेवतात तोच समोरचं दार उघडलं. वालेरियाबाई वाटच बघत होत्या.

"कुठे उलथला होतात हो दिवसभर? नावाच्या दिवशी!"

"जरा बाहेर..."

"बाहेर! आणि तुमची बहीण इथे गारठून मेली की! चारला आली. घंटी वाजवली, दार ठोठावलं. मी म्हटलं, बाई, आत या, चहा घ्या, येतील त्या एवढ्यात. तर म्हणते कशी, 'पोला नावाच्या दिवशी घराबाहेर जात नाही. आतच आहे ती.' मग तिने फोन लावला. आणि तुमचा फोन आत वाजला ना! आम्ही दोघींनी ऐकला. दारामागे ठणाणा करतोय आणि कुणी उचलत नाहीये."

अपोलोनियाबाई पिशवीत किल्ली शोधायला लागल्या.

"मग ती बसली की इथे पायरीवर. केकचा डबा मांडीवर. मधूनच फोन लावायची, आतला आवाज ऐकायची, बंद करायची. शेवटी दाराला तोंड लावून म्हणाली, 'बरं, पोला. कळलं मला.' आणि गेली." वालेरियाबाईंनी डोळे पदराऐवजी एप्रनला पुसले. "मी म्हटलं, केक ठेवून जा. तर नाही म्हणाली. ज्या घरात आपण नको, तिथे आपला केक तरी कशाला, म्हणाली."

घरात शिरून बाईंनी दिवा लावला. टेबलावर फोन पडला होता. त्यांनी कोटही न काढता एल्विराला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. आता आपल्या बहिणीने पायरीवर बसून काय ऐकलं, ते त्यांना ऐकू येत होतं.

ती येईल की नाही, एवढंच त्यांना दिवसभर पडलं होतं. आली होती. आणि तिचा आधीचा अपमान कमी होता म्हणून की काय, बाईंनी तिला बंद दारासमोर बसवून दुसरा केला होता.

दुसऱ्या दिवशी एल्विराच्या नावाचा दिवस. बोलावणं नसतंच, म्हणून ते आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. बाईंनी बाल्कनीतून सॅलड काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि ट्राममध्ये ते लेकरासारखं मांडीवर घेऊन वार्ता नदीपलीकडे गेल्या. पूल ओलांडताना त्यांना दोनदा उतरावंसं वाटलं. खाली नदीच्या काठाकाठाने बर्फ धरला होता. एल्विराने दार उघडलं नाही तर तिचं काही चुकलं असं म्हणता येणार नव्हतं.

इमारतीत लिफ्टपासूनच हसण्याचे आवाज येत होते. एल्विराकडे माणसं नेहमीच जमायची. शाळेत गाणं शिकवलेली मुलं, त्यांच्या बायका, शेजारी. अपोलोनियाबाईंनी घंटी वाजवली.

दार उघडलं. एल्विरा होती, ओठांना लाली, गळ्यात आईचे पोवळ्याचे मणी. मोठी बहीण दिसताच तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पण ती बाजूला सरली.

"या," ती म्हणाली. "नावाच्या दिवशी दारातून कुणाला परत पाठवत नाहीत. कोट तिकडे टांगा."

अहो-जाहो! सख्ख्या बहिणीला! दार उघडलं होतं, रीत पाळली होती, आणि आत गेलं असतं तर चहा, केक, खुर्ची सगळं मिळालं असतं. ट्रामच्या तिकीट तपासनिसालाही मिळालं असतं. बाई उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या.

"पाहुणी म्हणून नाही यायचं मला," त्या म्हणाल्या. "काल मी घरात नव्हते, एल्विरा."

"फोन घरात होता."

"मुद्दाम ठेवला होता. तू येणार नाहीस असं वाटलं मला. ते कळू नये म्हणून पळून गेले. दिवसभर या दुकानातून त्या दुकानात बसले, शेण खाल्लं." आतलं हसणं थांबलं होतं, पण बाईंना आता थांबता येईना. "आणि त्या दिवशी मी तुला जे बोलले ना, ते तू खरं बोललीस म्हणून बोलले. इग्नात्सीला पुरून आले आणि त्याच रात्री मी झोपले. ढाराढूर. सकाळी उठले तर मला बरं वाटलं, एल्विरा. तो गेला आणि मला बरं वाटलं!"

एल्विरा दारातून एक पाऊल पुढे आली.

"माहितेय मला," ती हळूच म्हणाली.

"काय माहितेय?"

"झोपलीस ते. मी आले होते मागनं. एवढं बोललीस, म्हणून काय तुला त्या घरात एकटी सोडणार होते? दार नुसतं लोटलेलं होतं. बूटसुद्धा न काढता पडली होतीस पलंगावर. मी काढले. आणि बसले तुझ्या शेजारी. उजाडल्यावर गेले." तिचा आवाज चिरकला. "घोरत होतीस, पोला. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू!"

अपोलोनियाबाईंना रडू फुटलं, अगदी लहान पोरीसारखं, तोंड वाकडं करून. हातातलं भांडं कलंडायला लागलं. एल्विराने ते पडायच्या आत धरलं, दुसऱ्या हाताने बहिणीच्या मानेला विळखा घातला आणि आतल्या माणसांना ओरडून सांगितलं:

"अरे, सरका जरा सगळे! खिडकीपाशी जागा करा. बहीण आलीये माझी."